हॅलची रेघ कुठे आखायची

२०२१ साली एसटीएम३२एफ१०३ ही चिप बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. जिथे मिळत होती तिथे भाव कित्येक पट चढलेले, आणि नवा माल कधी येईल याचा कुणालाच पत्ता नाही. कंट्रोलर बोर्ड बनवणाऱ्या छोट्या उद्योजकांनी मग मिळेल ती जवळची चिप उचलली: गीगाडिव्हाइसची जीडी३२, आर्टेरीची एटी३२, गीहीची एपीएम३२, डब्ल्यूसीएचची सीएच३२. जीडी३२एफ१०३ तर त्याच जागी सोल्डर होते आणि तिची बहुतेक रजिस्टरंही तीच आहेत. तरीही तोच प्रोग्रॅम तिच्यावर जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते. मूळ चिप जास्तीत जास्त ७२ मेगाहर्ट्झवर चालते, जीडी३२ १०८ पर्यंत जाते. शिवाय फ्लॅशमधून सूचना उचलताना तिला थांबावं लागत नाही. म्हणून घड्याळ ७२ वरच ठेवलं तरी रिकामा लूप फिरवून मोजलेला वेळ कमी भरतो. ज्या कोडमध्ये असे रिकामे लूप जागोजागी पेरलेले असतात, तिथे प्रत्येक जागा हुडकून काढावी लागते. जिथे ‘थांब’ हे काम एकाच फंक्शनकडे असतं, तिथे एक फाइल दुरुस्त केली की झालं.

प्रॉडक्टची अक्कल एका बाजूला, चिपची रजिस्टरं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये कोडचा एक पातळ थर. यालाच हार्डवेअर अ‍ॅबस्ट्रॅक्शन लेअर किंवा हॅल म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, तेव्हा यंत्रागणिक बदलणारा भाग बायॉस म्हणून वेगळा काढला आणि उरलेली सिस्टीम तशीच अनेक संगणकांवर चालवली. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक असतं. अडचण येते ती रेघ कुठे आखायची हे ठरवताना, आणि बहुतेक जण ती चिप बनवणाऱ्या कंपनीने जिथे आखून दिली तिथेच मान्य करतात. माझं म्हणणं असं आहे की कंपनीचा हॅल हा तुमचा हॅल नव्हे. तुमची रेघ तुमच्या प्रॉडक्टच्या गरजेवरून आखायची आणि तिच्यावर तुमच्या शब्दांत नावं लिहायची.

कंपनीच्या हॅलला मी नावं ठेवत नाही. एसटीएम३२ बनवणाऱ्या एसटी या कंपनीच्याच दोन मालिका पाहा. एफ१ मध्ये पोर्ट सीची रजिस्टरं हेक्स ४००१ १००० या पत्त्यापासून सुरू होतात, एफ४ मध्ये ४००२ ०८०० पासून. एफ१ मध्ये प्रत्येक पिनसाठी सीआरएल किंवा सीआरएच या रजिस्टरांतले चार बिट असतात. एफ४ मध्ये ती रचनाच नाही. तिथे पिनची दिशा एका रजिस्टरमध्ये, आउटपुटचा प्रकार दुसऱ्यात, पुल-अप तिसऱ्यात. एचएएल_जीपीआयओ_इनिट हे फंक्शन हा सगळा फरक पोटात घालतं. ही मदत खरी आहे आणि ती जरूर घ्या. पण ती एसटीकडून एसटीकडेच नेते. उद्या एनएक्सपीची, मायक्रोचिपची किंवा एस्प्रेसिफची चिप घ्यायची वेळ आली, तर एचएएल_ने सुरू होणारी जेवढी नावं तुमच्या कोडमध्ये विखुरलेली असतील तेवढं काम तुमच्यापुढे पडलेलं असेल.

पंपाचा ऑटो स्टार्टर

नुसतं बोलण्यापेक्षा एक वस्तू समोर ठेवू. शेतपंपाचा ऑटो स्टार्टर बहुतेकांनी पाहिलेला असतो. लाईट आली की तिन्ही फेज आहेत का पाहायचं, ठरलेला वेळ थांबायचं, मग मोटार चालू करायची. विहीर आटली, करंट पडला, की ड्राय रन समजून बंद करायची. एक फेज गेली तर ताबडतोब बंद. आणि शेतकऱ्याला मोबाइलवर मेसेज पाठवायचा. मधला तो ‘ठरलेला वेळ’ महत्त्वाचा आहे. लाईट आल्याबरोबर रोहित्रावरचे सगळे पंप एकदम सुरू झाले तर रोहित्रावर ताण येतो, ते जळूही शकतं. महावितरण ऑटोस्विच वापरू नका असं वारंवार सांगतं ते याचसाठी. तेव्हा हा विलंब अचूक पाळणं ही आपल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी आहे.

आता या वस्तूच्या डोक्याला हार्डवेअरकडून नेमकं काय हवं ते मोजा. मोटार_चालू, मोटार_बंद, फेज_स्थिती, मोटार_करंट, आत्ताची_वेळ, मेसेज_पाठव, सेटिंग_वाच, सेटिंग_लिही. आठ फंक्शन्स, एक हेडर फाइल. पिन, पोर्ट, टायमर, चॅनल यांतला एकही शब्द त्यात नाही. हीच तुमची रेघ. तिच्या वरचा कोड कंपनीची एकही हेडर फाइल इन्क्लूड करत नाही; तिच्या खालची फाइल हवं ते करू शकते, कंपनीचा हॅल वापरू शकते, थेट रजिस्टरला हात घालू शकते.

‘पिन_लिही’, ‘पिन_दिशा’ अशी सर्वसाधारण फंक्शन्स बनवून तोच हॅल का म्हणू नये, असा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर ८०५१ देतो. आपल्याकडे डिप्लोमाची मुलं अजूनही हाच कंट्रोलर शिकून बाहेर पडतात, म्हणून तो ओळखीचा आहे. मूळ ८०५१ ला दिशेचं रजिस्टरच नाही. पोर्टवर १ लिहिला की ती पिन इनपुट म्हणूनही वाचता येते. ‘पिन_दिशा’ तिथे काय करणार? एव्हीआरमध्ये दिशा डीडीआर रजिस्टरमध्ये असते, पण पिन इनपुट असताना पोर्ट रजिस्टरमध्ये १ लिहिला तर पुल-अप चालू होतो. एसटीएम३२ मध्ये पुल-अपची व्यवस्था आणखी निराळी. या तिघांना एकाच ‘पिन’ या कल्पनेत बसवायला गेलात की हेडर फाइल फुगत जाते, आणि शेवटी ती ज्या चिपवर पहिल्यांदा लिहिली तिचीच नक्कल होते. ‘मोटार_चालू’ला मात्र तिन्ही चिपांवर एकच स्पष्ट अर्थ आहे. उद्या साध्या स्टार्टरऐवजी स्टार-डेल्टा आला, एका कॉन्टॅक्टरचे तीन झाले, तरी वरच्या कोडला ते कळायचं कारण नाही.

रिलेच्या एका पिनकडे जरा जवळून पाहू, कारण या रेघेच्या खालचं काम किती नाजूक असतं ते तिथे दिसतं. बाजारात मिळणारी पुष्कळ रिले मॉड्यूल्स उलटी चालतात: पिन खाली गेली की रिले ओढली जाते. वरच्या कोडमध्ये कुणी ‘पिनवर ० लिही म्हणजे मोटार चालू’ असं लिहून ठेवलं, तर वर्षभराने ते वाचणारा माणूस गोंधळणार, आणि सुरक्षेच्या कोडमध्ये गोंधळ परवडत नाही. हा उलटसुलटपणा मोटार_चालूच्या पोटात, एकाच ओळीत असावा. आता बोर्ड चालू होण्याचा क्षण घ्या. एव्हीआरवर पिन आउटपुट करण्याआधी पोर्टमध्ये १ लिहिला पाहिजे. क्रम उलटा झाला तर पिन काही क्षण खाली जाते आणि रिलेला चालू होण्याचा हुकूम मिळतो. एसटीचं क्यूबएमएक्स जो कोड तयार करून देतं त्यात हीच काळजी घेतलेली दिसेल: आधी एचएएल_जीपीआयओ_राइटपिन, मग एचएएल_जीपीआयओ_इनिट. तो क्रम हौसेने बदलू नका. ८०५१ वर तर रीसेटनंतर सगळ्या पोर्टवर १ च असतात, म्हणजे सरळ चालणारी रिले तिथे वीज येताक्षणी ओढली जाण्याचा धोका. आणि एसटीएम३२एफ१ वर रीसेटनंतर बहुतेक पिना इनपुट म्हणून तरंगत असतात. तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ चालेपर्यंतच्या त्या वेळेवर कुठल्याही हॅलचा ताबा नसतो. तिथे ट्रान्झिस्टरच्या बेसला खाली किंवा वर ओढणारा एक रेझिस्टर बोर्डवरच हवा. सॉफ्टवेअरवाल्याने सर्किटवाल्याकडे जाऊन हे विचारलंच पाहिजे.

आकडा कशात, वेळ कशात

रेघेवरून जे आकडे वर जातात त्यांचं एकक ठरवून टाका. मोटार_करंटने एडीसीचे काउंट देऊ नयेत, मिलिअँपिअर द्यावेत. एटीमेगा३२८चा एडीसी १० बिटांचा, म्हणजे ० ते १०२३. एसटीएम३२एफ१०३चा १२ बिटांचा, ० ते ४०९५. एकीकडे संदर्भ बहुधा ५ व्होल्ट, दुसरीकडे ३.३. ‘करंट ३०० च्या खाली गेला तर ड्राय रन’ असं वर लिहिलं असेल तर चिप बदलल्यावर ३०० ला काहीच अर्थ उरत नाही. ‘दोन अँपिअरच्या खाली’ याला कायम अर्थ असतो, आणि तो आकडा फिटरलाही कळतो. काउंटपासून अँपिअरपर्यंतचा हिशेब, सीटीचं गुणोत्तर, कॅलिब्रेशन, सगळं खाली राहू द्या.

वेळेचं प्रकरण सगळ्यात दगाबाज आहे. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ पावलांनी पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे साधारण ४९.७ दिवसांनी. आपला स्टार्टर बॅटरीच्या आधाराने लाईट नसतानाही जागा असेल, तर हा दिवस उजाडणारच. पुष्कळ कोडमध्ये असं लिहिलेलं आढळतं: मुदत म्हणजे सुरुवातीची वेळ अधिक ३०,०००, आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी झाली की मोटार चालू कर. काउंटर उलटायला १० सेकंद असताना लाईट आली असं धरा. सुरुवात ४,२९,४९,५७,२९६. त्यात ३०,००० मिळवले की बेरीज उलटून २०,००० होते. आत्ताची वेळ त्यापेक्षा कितीतरी मोठी, म्हणून तीस सेकंदांचा विलंब शून्य होतो आणि मोटार त्याच क्षणी सुरू होते. बरोबर पद्धत वजाबाकीची: आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ, आणि ती ३०,००० पेक्षा कमी आहे का एवढंच पाहायचं. दोन्ही आकडे बिनचिन्हाचे असतील तर काउंटर उलटला तरी वजाबाकी बरोबर येते.

त्यातही एक खाच आहे, आणि ती चिप बदलतानाच उघडी पडते. कुणी एव्हीआरवर मेमरी वाचवायला १६ बिटांचा काउंटर वापरला. सुरुवात ६५,०००, तीस सेकंदांनी काउंटर उलटून २९,४६४ वर आलेला. एव्हीआरवर इंट हा प्रकार १६ बिटांचाच असल्याने वजाबाकी बिनचिन्हाची राहते आणि उत्तर ३०,००० येतं. तोच कोड एआरएमवर नेला की सी भाषेच्या नियमाप्रमाणे दोन्ही आकडे आधी ३२ बिटांच्या चिन्हांकित इंटमध्ये बदलतात आणि उत्तर येतं उणे ३५,५३६. ते ३०,००० पेक्षा कधीच मोठं होत नाही, मोटार सुरूच होत नाही. कंपायलर यावर अवाक्षर काढेल असं समजू नका. म्हणून रेघेवर इंट, लाँग असे रुंदी न सांगणारे प्रकार ठेवू नयेत. यूइंट३२_टी, इंट१६_टी असे रुंदी सांगणारेच वापरावेत, आणि वेळेसाठी ३२ बिटच घ्यावेत.

थांबायचं की नाही

हेडर फाइलमध्ये फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट दिसतं. ते किती वेळ घेणार हे दिसत नाही. चिप बदलली, मोडेम बदलला, की नेमकी हीच गोष्ट बदलते. ९६०० बॉडला एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, सेकंदाला ९६० अक्षरं. १२० अक्षरांचा मेसेज एचएएल_युआर्ट_ट्रान्समिटने पाठवला तर ते फंक्शन १२५ मिलिसेकंद अडकून राहतं. तेवढ्यात ५० हर्ट्झची सहा चक्रं होऊन जातात आणि गेलेल्या फेजकडे बघायला कुणी नसतं. टाइमआउटच्या जागी एचएएल_मॅक्स_डीले लिहिलं असेल तर काही बिघडल्यावर ते थांबणं कायमचंही होऊ शकतं. म्हणून मेसेज_पाठवचा करार असा लिहा: मजकूर रांगेत टाकतो, लगेच परततो, रांग भरलेली असेल तर तसं सांगतो. खाली इंटरप्ट वापरा, डीएमए वापरा, तो खालच्या फाइलचा प्रश्न. मोडेमला एटी+सीएमजीएस द्यायचं, मजकुरानंतर हेक्स १ए पाठवायचा, हे सुद्धा खालीच. टूजी मोडेम जाऊन फोरजी आला तर वरच्या कोडमध्ये हात घालावा लागू नये. स्टार-डेल्टालाही हेच लागू: मोटार_चालूने हुकूम नोंदवावा आणि परत यावं, स्टारमधून डेल्टात जाण्याचे काही सेकंद तिथे उभं राहून घालवू नयेत.

इंटरप्टमधून कोणती फंक्शन्स बोलावता येतात हेही हेडरमध्ये शब्दांत लिहून ठेवा. एचएएल_डीले हे सिस्टिकच्या काउंटरकडे बघत थांबतं. ते तुम्ही अशा इंटरप्टमधून बोलावलंत की ज्याची प्राथमिकता सिस्टिकएवढी किंवा त्याहून वरची आहे, तर काउंटर पुढे सरकतच नाही आणि बोर्ड जागच्या जागी गोठतो. हा बिघाड शोधताना नवखी मुलं फार हैराण होतात, कारण कोड वाचताना सगळं बरोबर दिसतं.

चुकांचंही असंच. कंपनीचा हॅल ओके, एरर, बिझी, टाइमआउट अशी उत्तरं देतो. ती जशीच्या तशी वर पाठवू नका, पण गिळूही नका. मोटारीच्या अंगावर डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावला आहे असं समजा. १२ बिटांचं मोजमाप पूर्ण व्हायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि वीज आल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. ८५ हा दिसायला अगदी खरा आकडा आहे. वरच्या कोडने त्यावर विश्वास ठेवून मोटार बंद केली तर दोष त्याचा नाही. फंक्शनने आकड्यासोबत ‘हा आकडा धरण्याजोगा आहे की नाही’ हेही सांगितलं पाहिजे.

सेटिंग साठवायच्या ईईप्रॉमबद्दल एकच. २४सी०२ चा आयटूसी पत्ता हेक्स ५०. अर्डुइनोच्या वायर लायब्ररीला तो ५० असाच लागतो. एसटीच्या हॅलला एक बिट डावीकडे सरकवून ए० द्यावा लागतो. तुमच्या फाइल्समध्ये एकच रीत ठेवा, सात बिटांची, आणि सरकवायचं काम अगदी शेवटच्या ओळीत करा.

घड्याळ खोटं, तपासणी खरी

नीट आखलेल्या रेघेचा सगळ्यात मोठा फायदा चिप बदलताना नव्हे, रोज होतो. ती आठ फंक्शन्स संगणकावर खोटी लिहिता येतात. मोटार_चालू एका व्हेरिएबलमध्ये १ ठेवतं. मोटार_करंट तुम्ही सांगाल तो आकडा देतं. आत्ताची_वेळ तुम्ही ठेवाल ती वेळ सांगतं. वरचा कोड एका अक्षराचाही बदल न करता जीसीसीने लॅपटॉपवर कंपाइल होतो. मग वर सांगितलेली ४९ दिवसांची गोष्ट तपासायला दीड महिना थांबायला नको: खोटं घड्याळ ४,२९,४९,५७,२९६ वर ठेवा, तिन्ही फेज आल्या असं सांगा, घड्याळ एक मिलिसेकंद पुढे सरकवा आणि मोटार बंदच आहे ना ते पाहा. मग २९,९९९ पर्यंत न्या, तरी बंद. ३०,००० ला चालू. निकाल क्षणात. एक फेज मधेच गेली, परत आली, पुन्हा गेली. करंट हळूहळू उतरत गेला. ऐन सुरू होताना लाईट गेली. विहिरीवर उभं राहून हे सगळे प्रसंग मुद्दाम घडवता येत नाहीत, टेबलावर येतात.

यासाठी युनिटी नावाची सी भाषेतली छोटी, फुकट चौकट आहे. तिच्यापासून सुरुवात करा. सविस्तर शिकायचं असेल तर जेम्स ग्रेनिंग यांचं ‘टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट फॉर एम्बेडेड सी’ हे २०११चं पुस्तक आजही कामाचं आहे. मात्र लॅपटॉपवर पास झालं म्हणजे बोर्ड चालला असं धरू नका. कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून येणारा झटका, व्होल्टेज पडल्यावर चिपचं भरकटणं, इंटरप्ट आणि मुख्य लूप यांची ओढाताण हे सगळं खऱ्या पॅनेलवर, खऱ्या मोटारीसोबतच तपासावं लागतं.

खरी आणि खोटी फाइल बदलायची कशी? सीमध्ये सोपा रस्ता लिंकरचा आहे. हेडर एकच, एसटीएम३२ च्या बिल्डमध्ये एक सी फाइल, लॅपटॉपच्या बिल्डमध्ये दुसरी. फंक्शन पॉइंटरांचं स्ट्रक्चर तेव्हाच आणा जेव्हा चालू प्रोग्रॅममध्येच निवड करायची असते, उदाहरणार्थ एकाच फर्मवेअरमध्ये दोन प्रकारचे मोडेम. ८०५१ वर कायल सी५१ वापरत असाल तर अधिकच जपून: तो लिंकर कोण कुणाला बोलावतं याच्या नकाशावरून लोकल व्हेरिएबलची मेमरी वाटून वापरतो, आणि फंक्शन पॉइंटरमुळे तो नकाशा चुकतो. इफडेफची पेरणी तर करूच नका. तिसरी चिप येईपर्यंत त्या कोडमधून वाट काढणं मुश्कील होतं.

वेग कमी होणार नाही का, ही काळजी रास्त आहे, पण ती आकड्यांनी करावी. अर्डुइनो ऊनोवर डिजिटलराइटला पन्नासेक सायकल लागतात, १६ मेगाहर्ट्झला सुमारे तीन मायक्रोसेकंद. पिनचा बिट थेट बदलणारी सूचना दोन सायकलमध्ये, १२५ नॅनोसेकंदांत होते. डब्ल्यूएस२८१२ च्या रंगीत एलईडीला एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांत द्यायचा असतो, तिथे डिजिटलराइट चालणारच नाही. आपली रिले मात्र ओढली जायलाच काही मिलिसेकंद घेते. तिथे तीन मायक्रोसेकंद वाचवण्यासाठी कोडची रचना मोडणं चूक आहे. जिथे वेग खरंच लागतो तिथे रेघ वर सरकवा: ‘एक बिट लिही’ असं फंक्शन न ठेवता ‘पूर्ण पट्टी रंगव’ असं ठेवा, आणि त्याच्या पोटात त्या चिपची जी काही खास ताकद असेल ती पूर्ण वापरा. फेज_स्थितीतही हेच करावं. ५० हर्ट्झला दोन फेजांमध्ये ६.६७ मिलिसेकंदांचं अंतर असतं. ते टायमरच्या इनपुट कॅप्चरने मोजा किंवा साध्या पोलिंगने. वर फक्त तीन उत्तरं जावीत: ठीक, फेज गेली, क्रम उलटा.

तयार व्यवस्थांपैकी काय घ्यावं? मोठं प्रॉडक्ट असेल, ब्लूटूथ किंवा नेटवर्क असेल, तर झेफिर जरूर पाहा. २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेली ही व्यवस्था पिनांची माहिती डिव्हाइसट्री नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. रस्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी एम्बेडेड-हॅलची १.० आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. सेन्सरचे ड्रायव्हर चिप न बघता लिहिता यावेत हा तिचा हेतू. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी करायची असेल तर ऑटोसारशी गाठ पडणारच. त्यातल्या सर्वांत खालच्या थराला एमकॅल म्हणतात, आणि त्यात पिनची मांडणी करणारं पोर्ट मॉड्यूल आणि पिन वाचणारं-लिहिणारं डीआयओ मॉड्यूल हे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ही विभागणी छोट्या प्रॉडक्टमध्येही उचलण्यासारखी आहे. पण यातली कुठलीही व्यवस्था घेतली तरी तिच्यावर तुमची आठ फंक्शन्स हवीतच. ‘मोटार’ म्हणजे काय हे झेफिरला ठाऊक नाही.

एकदाच बनवायच्या जिगसाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा चार दिवसांच्या प्रयोगासाठी हा खटाटोप करू नये. तिथे सरळ अर्डुइनोमध्ये लिहा.

आधीच चालू असलेल्या, बाजारात गेलेल्या कोडमध्ये हे आणायचं असेल तर सगळं एकदम उपसू नका. पहिल्यांदा घड्याळ. एचएएल_गेटटिक जिथे जिथे आहे तिथे आत्ताची_वेळ करा आणि वेळेच्या तुलना वजाबाकीत बदला. हे काम लहान आहे आणि लपलेल्या चुका सगळ्यात जास्त इथेच सापडतात. मग रिले, मग करंट. युआर्ट आणि मोडेम शेवटी, कारण तिथे थांबण्याचं वागणं बदलतं आणि पुन्हा सगळी तपासणी करावी लागते. क्यूबएमएक्स वापरत असाल तर मेन.सीमध्ये युझर कोड म्हणून राखलेल्या जागेत तुमच्या एकाच फंक्शनला हाक मारा, बाकी सगळं स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. त्या जागेबाहेर लिहिलेलं पुढच्या वेळी कोड तयार करताना पुसलं जातं. प्रत्येक पायरीनंतर वरच्या फोल्डरमध्ये कंपनीच्या हेडरचं नाव आणि एचएएल_ हे दोन शब्द ग्रेपने शोधा. सापडलेल्या ओळींची संख्या दर वेळी घटली पाहिजे. ती शून्यावर आली की तोच फोल्डर लॅपटॉपवर कंपाइल करून पाहा. जे अजून अडकलेलं असेल ते लिंकर नावानिशी सांगेल.